भारतातील उष्ण फेब्रुवारी (२०२३)

भारतात २०२३ च्या फेब्रुवारी महिन्यात हिवाळ्याचा शेवट नेहमीपेक्षा बराच उबदार झाला. भारतीय हवामान विभागाच्या नोंदींनुसार त्या महिन्यातील देशाचे सरासरी कमाल तापमान सुमारे २९.५ अंश सेल्सिअस होते. दीर्घकालीन सरासरीपेक्षा ते सुमारे १.७ अंशांनी अधिक होते आणि १९०१ पासूनच्या नोंदींतील फेब्रुवारीचे ते सर्वाधिक सरासरी कमाल तापमान ठरले. जानेवारीच्या मध्यापर्यंत उत्तर भारत कडाक्याच्या थंडीत होता. त्यानंतर अवघ्या महिन्याभरात कोकण व कच्छसाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा द्यावा लागला.

फेब्रुवारी हा भारतातील रब्बी पिकांच्या व अनेक फळझाडांच्या दृष्टीने नाजूक महिना आहे. याच काळात उत्तरेकडील गव्हाला ओंब्या येतात, कोकणातील आंब्याच्या मोहोराचे फळांत रूपांतर होते आणि हिमालयातील सफरचंदाची झाडे विश्रांती पूर्ण करत असतात. त्यामुळे या महिन्यात एक-दोन अंशांनी वाढलेले तापमान माणसाला सुखद वाटले, तरी पिकांच्या वाढीचे वेळापत्रक बदलते. २०२२ चा मार्च, २०२३ चा फेब्रुवारी आणि २०२५ चा फेब्रुवारी या तिन्ही महिन्यांत उष्णतेचे देशव्यापी विक्रम नोंदले गेले. त्यामुळे हिवाळा व उन्हाळा यांच्यामधला सौम्य काळ आकसत चालला आहे का, हा प्रश्न हवामान व कृषी या दोन्ही क्षेत्रांत महत्त्वाचा ठरला आहे.

हिवाळ्याचा शेवट आणि वसंताचा आरंभ

वसंत केव्हा सुरू होतो, या प्रश्नाला भारतात एकच उत्तर नाही. प्रचलित मराठी पंचांगानुसार चैत्र व वैशाख हे वसंत ऋतूचे महिने होत. मात्र वसंताच्या स्वागताची वसंत पंचमी त्याआधी, माघ शुद्ध पंचमीस येते. चांद्रमहिने व सौरवर्ष यांचा मेळ अधिक मासाने घातला जात असल्याने या तिथी इंग्रजी दिनदर्शिकेत दरवर्षी मागेपुढे सरकतात. २०२३ मध्ये वसंत पंचमी २६ जानेवारीला, तर गुढीपाडवा २२ मार्चला होता. एखाद्या वर्षी वसंत ‘लवकर’ आला की ‘उशिरा’, हे केवळ सणांच्या तारखांवरून ठरवता येत नाही, ते या सरकण्यामुळेच.

खगोलशास्त्रीय गणनेत २० किंवा २१ मार्चचा वसंत संपात हा उत्तर गोलार्धातील वसंताचा आरंभ मानतात. या दिवशी सूर्य विषुववृत्तावर असतो आणि पृथ्वीवर सर्वत्र दिवस व रात्र जवळजवळ समान असतात. हा क्षण पृथ्वीच्या भ्रमणावर अवलंबून असल्याने हवामान कसेही असले तरी तो बदलत नाही.

भारतीय हवामान विभाग वर्षाची विभागणी चार भागांत करतो. जानेवारी व फेब्रुवारी हा हिवाळा, मार्च ते मे हा मोसमी पावसापूर्वीचा काळ, जून ते सप्टेंबर हा नैर्ऋत्य मोसमी पावसाचा काळ आणि ऑक्टोबर ते डिसेंबर हा मोसमी पावसानंतरचा काळ. या विभागणीत वसंत नावाचा स्वतंत्र ऋतू नाही. २८ फेब्रुवारीपर्यंतचा काळ हिवाळ्यात मोडतो आणि १ मार्चपासून उन्हाळ्याची नोंद सुरू होते.

चौथी पद्धत सजीवांच्या निरीक्षणावर आधारलेली आहे. पालवी फुटणे, मोहोर येणे, फुले उमलणे, पक्ष्यांचे स्थलांतर अशा दरवर्षी घडणाऱ्या घटनांच्या तारखा नोंदवून ऋतूची प्रगती ठरवण्याच्या शास्त्रास ऋतुजैविकी किंवा फिनॉलॉजी म्हणतात. वसंताची चाहूल लवकर लागली, असे शास्त्रीय अर्थाने म्हणायचे असल्यास या तारखा त्याच ठिकाणच्या मागील अनेक वर्षांच्या तारखांशी ताडून पाहाव्या लागतात.

घटनाक्रम

२०२२–२३ च्या हिवाळ्याची सुरुवातच उबदार होती. डिसेंबर २०२२ हा १९०१ पासूनच्या नोंदींतील भारतातील सर्वांत उष्ण डिसेंबर ठरला. जानेवारीत चित्र बदलले. उत्तर भारतात थंडीच्या लाटा आल्या आणि १६ जानेवारी २०२३ रोजी दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत किमान तापमान १.४ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले.

फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापासून कमाल तापमान झपाट्याने वाढले. गुजरात, राजस्थान, कोकण, पंजाब, हरियाणा आणि पश्चिम हिमालयातील राज्यांत अनेक दिवस ते सरासरीपेक्षा बरेच अधिक राहिले. तिसऱ्या आठवड्यात हवामान विभागाने कच्छ व कोकणातील काही भागांसाठी उष्णतेच्या लाटेचा इशारा दिला. विभागाच्या निकषांनुसार किनारपट्टीवरील ठिकाणी कमाल तापमान किमान ३७ अंश सेल्सिअस असेल आणि ते सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा त्याहून अधिक असेल, तर ती स्थिती उष्णतेच्या लाटेची समजतात. मैदानी प्रदेशात हीच मर्यादा ४० अंश, तर डोंगराळ भागात ३० अंश आहे. असे इशारे सामान्यतः मार्च ते जून या काळात दिले जातात. ते फेब्रुवारीत देण्याची वेळ यावी, हे या महिन्याचे वेगळेपण होते.

त्याच महिन्यात देशभरातील पाऊस सरासरीच्या एक-तृतीयांशाच्या आसपास राहिला. मार्चमध्ये मात्र परिस्थिती उलटली. महिन्याच्या मध्यापासून पश्चिम, मध्य व उत्तर भारतात वादळी पाऊस व गारपीट झाली आणि मार्चचा देशव्यापी पाऊस सरासरीहून अधिक नोंदला गेला. महाराष्ट्रात या अवकाळी पावसाने द्राक्ष, कांदा, गहू, हरभरा व आंबा या पिकांचे नुकसान झाले. अशा प्रकारे कडाक्याची थंडी, उन्हाळ्यासारखी उष्णता आणि गारपीट या तीन टोकांच्या अवस्था सुमारे नऊ आठवड्यांत एकामागून एक आल्या.

कारणे

पश्चिमी विक्षोभांची उणीव

भूमध्य समुद्राच्या परिसरात निर्माण होऊन पूर्वेकडे सरकणाऱ्या वातावरणीय प्रणालींना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. हिवाळ्यात त्यांच्यामुळे हिमालयात बर्फ व उत्तरेकडील मैदानात पाऊस पडतो. ढगांमुळे दिवसाचे तापमान मर्यादित राहते आणि विक्षोभ पुढे सरकल्यावर उत्तरेकडून येणारे थंड वारे मैदानी प्रदेश गार करतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये पुरेसे प्रबळ विक्षोभ आले नाहीत. आकाश निरभ्र राहिले, बर्फ व पाऊस कमी झाला आणि थंड वाऱ्यांचा पुरवठा खंडित झाला.

प्रत्यावर्त आणि खाली उतरणारी हवा

याच काळात पश्चिम भारतावर प्रत्यावर्ताची, म्हणजे केंद्राभोवती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने वारे फिरणाऱ्या उच्च दाबाच्या प्रणालीची स्थिती होती. प्रत्यावर्तात वरच्या थरांतील हवा खाली उतरते. खाली येताना वाढत्या दाबामुळे ती आकुंचन पावते व तापते. कोरड्या हवेच्या बाबतीत ही वाढ दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सिअस असते. अशा हवेत ढग टिकत नाहीत आणि जमिनीला पूर्ण ऊन मिळते.

कोकणातील वाऱ्यांची दिशा

कोकणात दुपारी समुद्राकडून जमिनीकडे वाहणारे खारे वारे कमाल तापमानाला आळा घालतात. पूर्वेकडील वारे जोरकस असतील, तर सह्याद्री उतरून आलेली कोरडी व तापलेली हवा किनाऱ्यापर्यंत पोहोचते आणि खारे वारे सुरू होण्यास उशीर होतो. खाऱ्या वाऱ्यांच्या आगमनाला काही तासांचा उशीर झाला, तरी मुंबई, रत्नागिरी यांसारख्या ठिकाणी पारा कित्येक अंशांनी वर जाऊ शकतो.

कोरडी जमीन

ओलसर जमिनीवर पडणाऱ्या सौर ऊर्जेचा काही भाग पाण्याच्या बाष्पीभवनात खर्च होतो. जमीन कोरडी असल्यास ती ऊर्जा थेट जमीन व हवा तापवण्यास उपलब्ध होते. पावसाच्या अभावामुळे उष्णता आणि उष्णतेमुळे आणखी कोरडेपणा, असे परस्परांना बळ देणारे चक्र त्यातून तयार होते.

जागतिक तापमानवाढ

२०२०–२१ पासूनच्या सलग तीन हिवाळ्यांत प्रशांत महासागरात ला निना स्थिती होती. ला निनाच्या काळात उत्तर भारतातील हिवाळा थंड राहण्याकडे कल असतो, असे सामान्यतः मानले जाते. असे असूनही हा फेब्रुवारी विक्रमी उष्ण ठरला. एल निनोची स्थिती त्यानंतर, जून २०२३ मध्ये प्रस्थापित झाली. त्यामुळे या उष्णतेचे कारण एल निनोत शोधता येत नाही. भारत सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या हवामानबदलविषयक अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले आहे. एखाद्या महिन्याची उष्णता वातावरणातील तात्कालिक स्थितीमुळे निर्माण होते, परंतु ती ज्या पातळीवरून सुरू होते ती पातळीच आता उंचावलेली आहे.

वनस्पतींना वसंताची चाहूल कशी लागते

वनस्पतींना ऋतू ओळखण्यासाठी प्रामुख्याने दोन संकेत मिळतात. पहिला संकेत दिवसाच्या लांबीचा. पानांतील प्रकाशसंवेदी रंगद्रव्ये रात्रीची लांबी ओळखतात आणि त्यानुसार फुलोऱ्याची तयारी सुरू होते किंवा थांबते. हा संकेत दरवर्षी त्याच तारखेला सारखाच असतो. दुसरा संकेत तापमानाचा. तो दरवर्षी बदलतो.

उच्च अक्षांशांवर दिवसाची लांबी वर्षभरात मोठ्या प्रमाणात बदलते. भारतात हा फरक कमी आहे. मुंबईत वर्षातील सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तासांचा, तर सर्वांत मोठा सुमारे सव्वातेरा तासांचा असतो. दिल्लीत हा पल्ला सुमारे सव्वादहा तासांपासून चौदा तासांपर्यंत जातो. फरक लहान असला तरी अनेक वनस्पती तो ओळखतात, मात्र तापमान व जमिनीतील ओल यांचा प्रभावही मोठा असतो.

तापमानाचा परिणाम मोजण्यासाठी कृषिशास्त्रात ‘अंश-दिवस’ ही संकल्पना वापरतात. दिवसाच्या कमाल व किमान तापमानांची सरासरी काढून तीमधून पिकाच्या वाढीसाठी लागणारे किमान आधारभूत तापमान वजा केले, की त्या दिवसाचे अंश-दिवस मिळतात. एखादी अवस्था पूर्ण होण्यास ठरावीक अंश-दिवसांची बेरीज लागते. उदाहरणादाखल, एखाद्या पिकाचे आधारभूत तापमान ५ अंश असून दाणे भरण्यासाठी त्याला ४५० अंश-दिवस लागतात, असे मानू. सरासरी तापमान २० अंश असल्यास रोज १५ अंश-दिवस जमा होतील आणि ही अवस्था ३० दिवस चालेल. सरासरी २२ अंश झाल्यास रोज १७ अंश-दिवस जमा होतील आणि तीच अवस्था साधारण साडेसव्वीस दिवसांत संपेल. पीक लवकर तयार झाले असे वरवर दिसते, प्रत्यक्षात दाण्यात अन्न साठवण्यासाठी मिळालेले साडेतीन दिवस कमी झालेले असतात.

समशीतोष्ण प्रदेशातील सफरचंद, अक्रोड, बदाम, चेरी यांसारख्या झाडांची गरज दुहेरी असते. हिवाळ्यात विशिष्ट काळ थंडी मिळाल्याशिवाय त्यांच्या कळ्यांची सुप्तावस्था संपत नाही आणि ती संपल्यावर फुलण्यासाठी ऊब लागते. हिवाळा फार सौम्य असेल तर पहिली गरज अपुरी राहून फुलोरा विस्कळीत होतो. थंडी पुरेशी मिळून शेवट अचानक उबदार झाला, तर फुले वेळेआधी येतात.

महाराष्ट्रातील पानगळीच्या वनांचा क्रम याहून निराळा आहे. काटेसावर, पांगारा, पळस ही झाडे हिवाळ्याच्या अखेरीस निष्पर्ण फांद्यांवर फुलतात. पाने गळाल्याने पाण्याचा व्यय थांबतो, फांद्यांत ओल पुन्हा साचते आणि कोरड्या ऋतूतच फुलोरा व नवी पालवी येते. त्यांच्या फुलण्याच्या वेळेवर तापमानाबरोबरच मागील पावसाळ्याचे प्रमाण, जमिनीची खोली व झाडाचे वय यांचाही परिणाम होतो. त्यामुळे एखादा पळस जानेवारीत फुललेला दिसला, तरी एवढ्यावरून वसंत लवकर आला असा निष्कर्ष निघत नाही. उत्तराखंडचा राज्यवृक्ष असलेल्या बुरांसच्या बाबतीत मात्र अलीकडील काही हिवाळ्यांत वेळेआधी फुलोरा आल्याच्या नोंदी वारंवार होत आहेत. एरवी हा वृक्ष फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत लाल फुलांनी बहरतो.

शेतीवरील परिणाम

गहू

उत्तर भारतात गव्हाची पेरणी मुख्यतः नोव्हेंबरमध्ये होते. फुटवे, कांडी धरणे, पोटरी, ओंबी, चीक आणि पक्वता या अवस्थांतून जात पीक एप्रिलमध्ये काढणीला येते. मध्य भारत व महाराष्ट्रात हा क्रम काही आठवडे आधी पूर्ण होतो. फुलोऱ्याच्या वेळी तापमान फार वाढल्यास परागकण निकामी होऊन ओंबीतील दाण्यांची संख्या घटते. दाणे चिकात असताना वाढल्यास दाणे भरण्याचा काळ कमी होऊन दाणा बारीक व सुरकुतलेला राहतो. या दुसऱ्या प्रकारास अंतिम टप्प्यातील उष्णतेचा ताण म्हणतात.

याचा अनुभव देशाला एकच वर्ष आधी आला होता. मार्च २०२२ हा १९०१ पासूनचा भारतातील सर्वांत उष्ण मार्च ठरला. उष्णता नेमकी दाणे भरण्याच्या काळात आली. फेब्रुवारी २०२२ मध्ये सरकारने गव्हाचे उत्पादन ११ कोटी १३ लाख टन होईल असा अंदाज वर्तवला होता, तो मे महिन्यात सुमारे १० कोटी ६४ लाख टनांवर आणावा लागला. अंतिम आकडा सुमारे १० कोटी ७७ लाख टन राहिला. सरकारी खरेदी आदल्या वर्षीच्या सुमारे ४३३ लाख टनांवरून सुमारे १८८ लाख टनांवर आली. खुल्या बाजारातील चढा भाव हेही त्याचे एक कारण होते. खरेदीसाठी आकसलेल्या दाण्यांची मर्यादा ६ टक्क्यांवरून १८ टक्क्यांपर्यंत शिथिल करावी लागली आणि १३ मे २०२२ रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी घालण्यात आली.

या पार्श्वभूमीवर फेब्रुवारी २०२३ मध्ये पारा चढू लागताच केंद्र सरकारने गव्हावरील परिणामांवर लक्ष ठेवण्यासाठी कृषी आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पिकावर ताण दिसल्यास हलके पाणी देणे, ओळींमध्ये आच्छादन करणे आणि पोटॅशयुक्त क्षाराच्या सौम्य द्रावणाची फवारणी करणे, असे सल्ले शेतकऱ्यांना देण्यात आले.

प्रत्यक्षात २०२३ चा परिणाम २०२२ सारखा झाला नाही. फेब्रुवारीतील उष्णतेनंतर मार्चमध्ये ढग व पावसामुळे उत्तर भारतातील तापमान उतरले आणि दाणे भरण्याच्या मुख्य काळात पिकाला काहीसा दिलासा मिळाला. दुसरीकडे त्याच पावसाने व वाऱ्याने अनेक ठिकाणी उभे पीक लोळले आणि दाण्याची चमक गेली. त्यामुळे पंजाब, हरियाणा, मध्य प्रदेश व राजस्थानात खरेदीचे निकष याही वर्षी शिथिल करण्यात आले. सरकारच्या अंतिम अंदाजानुसार २०२२–२३ चे गहू उत्पादन सुमारे ११ कोटी ५ लाख टन, म्हणजे तोवरचे विक्रमी होते. व्यापारी वर्तुळांतील अंदाज याहून कमी होते आणि सरकारी खरेदी सुमारे २६२ लाख टन झाली. दोन वर्षांची ही तुलना एक गोष्ट स्पष्ट करते : उष्णता किती होती याइतकेच ती पिकाच्या कोणत्या अवस्थेत आली, हे निर्णायक असते.

आंबा

कोकणात पावसाळा संपून रात्री गार होऊ लागल्या की हापूसच्या झाडांना मोहोर येऊ लागतो. तो नोव्हेंबर-डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत टप्प्याटप्प्याने येतो. त्यामुळे एकाच झाडावर मोहोर, वाटाण्याएवढी कैरी व सुपारीएवढे फळ एकाच वेळी दिसू शकते. फेब्रुवारीत तापमान अचानक वाढल्यास लहान फळांची गळ होते आणि मोठ्या होत आलेल्या फळांची साल उन्हाने भाजते. हापूसच्या गरात पांढरट, स्पंजासारखा भाग तयार होण्याच्या ‘साका’ या विकृतीशीही तापलेल्या जमिनीच्या उष्णतेचा संबंध जोडला जातो.

थंडी लांबणेही आंब्याला नेहमीच हितकारक नसते. फळधारणा झाल्यानंतर पुन्हा थंडी पडल्यास काही झाडांना नव्याने मोहोर येतो. कोकणात यास पुनर्मोहोर म्हणतात. झाडातील अन्नरस नव्या मोहोराकडे वळून आधीची फळे गळून पडतात. म्हणून बागायतदाराच्या दृष्टीने थंडी किंवा उष्णता यांपेक्षा त्यांची अनियमित अदलाबदल अधिक घातक ठरते. दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाकडून अशा काळात झाडाच्या आळ्यात पाणी देणे, गवताचे आच्छादन करणे आणि वाढत्या फळांना कागदी पिशव्या घालणे यांसारख्या उपायांची शिफारस केली जाते. याच विद्यापीठाने नीलम व हापूस यांच्या संकरातून विकसित केलेल्या ‘रत्ना’ या जातीत साका आढळत नाही.

सफरचंद

काश्मीर व हिमाचल प्रदेशातील पारंपरिक डिलिशस गटातील सफरचंदांना हिवाळ्यात साधारण ७ अंश सेल्सिअसपेक्षा कमी तापमानाचे सुमारे ८०० ते १,२०० किंवा त्याहून अधिक तास आवश्यक असतात. बर्फ कमी पडल्यास थंडीचे हे तास घटतात आणि उन्हाळ्यात झाडांना मिळणारी ओलही कमी होते. उबदार फेब्रुवारीमुळे कळ्या लवकर उमलल्या, तर एप्रिलपर्यंत येऊ शकणारी गारपीट व रात्रीची गोठवणारी थंडी त्यांना उघड्यावर गाठते. हिमाचलात खालच्या उंचीवरील सफरचंदाच्या बागा कमी होऊन लागवड वर सरकत असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे. बिलासपूर जिल्ह्यातील शेतकरी हरिमन शर्मा यांनी विकसित केलेली ‘एचआरएमएन-९९’ ही कमी थंडीत फळ देणारी जात याच समस्येच्या संदर्भात महत्त्वाची मानली जाते. महाराष्ट्रातील काही शेतकऱ्यांनीही तिची लागवड केली आहे. शर्मा यांना २०२५ मध्ये पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला.

इतर देशांतील तुलनीय घटना

हिवाळा उबदारपणे संपून झाडे फुलल्यानंतर पुन्हा थंडी पडण्याच्या घटनेस ‘फसवा वसंत’ म्हणता येईल. त्याचे सर्वपरिचित उदाहरण उत्तर अमेरिकेतील २०१२ चे आहे. त्या वर्षीचा मार्च अमेरिकेच्या संलग्न राज्यांत तोवरचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. मिशिगन राज्यातील सफरचंद व चेरीच्या बागा कित्येक आठवडे आधी फुलल्या आणि एप्रिलमधील रात्रींच्या गोठवणाऱ्या थंडीत त्यांची फुले मेली. राज्यातील सफरचंद व आंबट चेरीचे सुमारे नऊ-दशांश पीक त्या वर्षी हातचे गेले.

दीर्घकालीन बदल ओळखण्यासाठी जपानमधील क्योतो शहराच्या नोंदी विशेष उपयुक्त ठरतात. तेथील चेरीच्या पूर्ण बहराच्या तारखा रोजनिश्या व दरबारी लेखनातून इसवी सन ८१२ पर्यंत मागे नेता येतात. २०२१ मध्ये हा बहर २६ मार्चला आला. सुमारे बाराशे वर्षांच्या त्या मालिकेतील तोवरची ती सर्वांत लवकरची तारीख होती.

दीर्घकालीन कल

क्लायमेट सेंट्रल या संस्थेने मार्च २०२४ मध्ये भारतातील १९७० पासूनच्या हिवाळी तापमानांचे राज्यनिहाय विश्लेषण प्रसिद्ध केले. उत्तर भारतातील अनेक राज्यांत जानेवारीच्या तापमानातील बदल सौम्य असून काही ठिकाणी घटही दिसते, तर फेब्रुवारीचे तापमान मात्र ठळकपणे वाढले आहे, असे त्यात आढळले. याचा अर्थ, जानेवारीची थंडी जवळपास पूर्वीसारखीच असली तरी तिच्यानंतरचा चढ अधिक तीव्र झाला आहे. पूर्वी फेब्रुवारी व मार्च असे दोन महिने मिळून होणारी तापमानवाढ आता कमी दिवसांत होते. हिवाळा व उन्हाळा यांना जोडणारा सौम्य काळ त्यामुळे अरुंद होत आहे.

पुढील वर्षांतील नोंदी याच दिशेने जातात. फेब्रुवारी २०२५ मध्ये देशाचे सरासरी तापमान सुमारे २२ अंश सेल्सिअस, म्हणजे सरासरीहून सुमारे १.३ अंशांनी अधिक राहिले. कमाल व किमान तापमाने एकत्र धरता तो १९०१ पासूनचा भारतातील सर्वांत उष्ण फेब्रुवारी होता. तथापि प्रत्येक फेब्रुवारी आधीच्यापेक्षा उष्ण असेल, असा या कलाचा अर्थ नाही. प्रबळ पश्चिमी विक्षोभ आल्यास यापुढेही एखादा फेब्रुवारी थंड जाऊ शकतो. बदलली आहे ती उष्ण फेब्रुवारी येण्याची शक्यता.

अनुकूलन आणि निरीक्षण

गव्हाच्या बाबतीत अनुकूलनाचे दोन मार्ग प्रामुख्याने अवलंबले जातात. पहिला, उच्च तापमानातही दाणा भरू शकणाऱ्या सहनशील जाती. दुसरा, पेरणी ऑक्टोबरच्या उत्तरार्धात करून मार्चमधील उष्णता येण्यापूर्वी दाणे भरून घेणे. नेहमीच्या जाती इतक्या लवकर पेरल्यास ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या उबेमुळे त्यांना अकाली ओंब्या येतात. त्यामुळे ओंबी येण्यापूर्वी काही काळ थंडीची गरज असणाऱ्या जाती विकसित करण्यात आल्या. भारतीय कृषी संशोधन संस्थेची ‘एचडी ३३८५’ ही जात लवकर पेरणीसाठी उपयुक्त जातींपैकी एक आहे. भातकापणीनंतर शेत रिकामे होण्यास लागणारा वेळ ही या मार्गातील व्यावहारिक अडचण आहे.

तापमानाच्या नोंदी शंभराहून अधिक वर्षांच्या असल्या, तरी भारतातील झाडे केव्हा फुलतात याच्या सलग नोंदी फार थोड्या आहेत. ही उणीव भरून काढण्यासाठी ‘सीझनवॉच’ या नागरिक-विज्ञान उपक्रमात शाळकरी विद्यार्थी व स्वयंसेवक परिसरातील ठरावीक झाडांची नियमित पाहणी करून पालवी, फुले व फळे यांची नोंद ठेवतात. अशा निरीक्षणासाठी उपकरणे लागत नाहीत. तेच झाड, दर आठवड्याला ठरलेला वार आणि तारखेसह केलेली नोंद एवढे पुरेसे असते. एका वर्षाच्या नोंदीवरून फारसे काही सिद्ध होत नाही. मात्र दहा-वीस वर्षांची सलग नोंद हाती असल्यास आंबा लवकर मोहरला किंवा पळस लवकर फुलला, ही समजूत तपासून पाहता येते आणि २०२३ सारख्या वर्षाचे वेगळेपण आकड्यांत मांडता येते.

हेही पाहा

पश्चिमी विक्षोभ
उष्णतेची लाट
वसंत संपात
ऋतुजैविकी
ला निना
रब्बी पिके
हापूस आंबा
जागतिक तापमानवाढ